टीबी घरात आला कुठून? शोध घ्या, दोष देऊ नका

घरात कुणाला टीबी झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो, ‘हा आला कुठून?’ मग बोट दाखवलं जातं ते कामवाल्या बाईकडे, गावाहून आलेल्या पाहुण्याकडे, नाहीतर सुनेच्या माहेराकडे. पण दिल्ली-एनसीआरसारख्या महानगरात या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नसतं.

समजा, एक तरुण गाझियाबादला भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो, दिल्लीत ओखल्याच्या कारखान्यात शिवणकाम करतो आणि गर्दीतून ये-जा करतो. तो महिनाभर खोकतो आहे. त्याच्या खोकल्यातून, अगदी बोलण्यातूनही निघालेले सूक्ष्म कण बंद खोलीत कितीतरी वेळ तरंगत राहतात. मोकळ्या हवेत तेच कण पांगतात. हिवाळ्यात थंडी आणि धुरक्यामुळे दिल्लीकर खिडक्या लावून घेतात, तेव्हा एकाचा श्वास सगळ्यांचा होतो.

साखळी घरापुरती नसते

केपटाउनमधल्या दाट वस्तीचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या संसर्गापैकी घरातल्या घरात झालेला भाग फक्त १९ टक्क्यांच्या आसपास होता. बाकीचा बाहेरून आला होता. म्हणून फक्त घरच्यांची तपासणी केली की साखळीचे बरेच दुवे सुटतात.

शिवाय टीबीचा जंतू घाई करत नाही. संसर्ग झालेल्या १०० जणांपैकी साधारण ५ ते १० जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कुणी वर्षभरात, तर कुणी वीस वर्षांनी. दिल्लीत आज आजारी पडलेल्याने जंतू कदाचित लहानपणी गावातच घेतलेला असतो.

जंतूचं गोत्र

मग माग काढायचा कसा? शास्त्रज्ञ जंतूची जनुकीय ओळख तपासतात. उत्तर भारतात सर्रास आढळणाऱ्या एका गोत्राचं नावच ‘सीएएस-१ दिल्ली’ आहे. पण आडनाव सारखं म्हणून दोन माणसं सख्खे भाऊ ठरत नाहीत. तसंच, गोत्र एक म्हणून एका रुग्णाकडून दुसऱ्याला लागण झाली असं म्हणता येत नाही.

त्यासाठी जंतूची संपूर्ण जनुकीय संहिता वाचावी लागते. त्यात सुमारे ४४ लाख अक्षरं असतात आणि साधारण दोन वर्षांत एखादंच बदलतं. दोन रुग्णांच्या जंतूंमध्ये ५ किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल, तर त्यांच्यातला दुवा अलीकडचा असण्याची शक्यता बरीच असते. मात्र ते दोघं नेमके कुठे भेटले, हे यंत्र सांगत नाही. ते रुग्णालाच सांगावं लागतं आणि बदनामीच्या भीतीने तो गप्प बसला की माग तिथेच संपतो.

तुम्ही काय कराल?

* दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन किंवा थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर सरकारी केंद्रात मोफत तपासणी करून घ्या.
* आरोग्य कर्मचाऱ्याला घरच्यांबरोबरच कामावरचे सहकारी आणि खोलीतले सोबती यांचीही माहिती द्या.
* फुफ्फुसाचा टीबी असलेल्या रुग्णाच्या घरच्यांना, विशेषतः ५ वर्षांखालच्या मुलांना, प्रतिबंधक औषध मिळतं. त्याबद्दल स्वतःहून विचारा.
* रुग्णाचं ताट-वाटी वेगळी ठेवू नका. भांडी, कपडे किंवा हात मिळवण्यातून टीबी पसरत नाही. त्यापेक्षा खिडकी उघडा आणि रुग्णाला मास्क द्या.
* बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. योग्य औषधं नियमित घेतली की संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो.
* उपचार सुरू असेपर्यंत सकस आहारासाठी ‘निक्षय पोषण योजने’तून दरमहा १,००० रुपये मिळतात. माहितीसाठी १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर फोन करा.

टीबी कुणी आणला, हे शोधून घरातला रुग्ण बरा होत नाही. पुढे कुणाला होऊ शकतो, हे वेळेत कळलं तर मात्र एक आजारपण टळतं. म्हणून रुग्णाला असा धीर द्या की तो न घाबरता सगळी नावं सांगेल.