खात्रीचं कॉलेज

तुकोगंजातल्या कुठल्याही मराठी घराला इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं गणित समजावून सांगावं लागत नाही. जेईईचा रँक हातात आला की गेल्या वर्षीचा कटऑफ काढायचा. आयआयटी नाही तर एनआयटी, ती नाही तर आपलं एसजीएसआयटीएस, तेही नाही तर विद्यापीठाचं आयईटी. प्रत्येक पायरीला एक आकडा असतो, आणि आपला आकडा त्याच्या वर की खाली, एवढंच बघायचं. मीही याच पायऱ्यांवरून बीई झालो.

पण हल्ली एखाददुसऱ्या घरात वेगळाच प्रश्न येतो. मुलीला इतिहासही शिकायचा असतो आणि गणितही. तिनं कुठंतरी अमेरिकेतल्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांबद्दल वाचलेलं असतं. तिथं कटऑफ नसतो, आणि आपली पायऱ्यांची सगळी हुशारी निरुपयोगी ठरते. मग ‘इथं तर नक्की मिळेल’ असं कॉलेज, ज्याला तिकडे सेफ्टी स्कूल म्हणतात, ते ओळखायचं कसं? गेल्या वर्षी भाचीच्या निमित्तानं मी यात बराच शिरलो. जे कळलं ते इतर पालकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

ही कॉलेजं असतात कशी?

नावात आर्ट्स असलं तरी इथं फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर सायन्स सगळं शिकवतात. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, शिकवणारे स्वतः प्राध्यापक, छोटे वर्ग, आणि मुख्य विषय बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी ठरवायची मुभा. विल्यम्स १७९३ चं, ॲमहर्स्ट १८२१ चं, ग्रिनेल १८४६ चं, स्वार्थमोर १८६४ चं. आपल्याला ही नावं नवी वाटतात, पण १८१३ साली मुंबईत येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणाऱ्यांपैकी गॉर्डन हॉल हा विल्यम्सचाच पदवीधर होता.

अशा कॉलेजात एकूण विद्यार्थी दीड-दोन हजार, म्हणजे दर वर्षी नव्या जागा चारशे-पाचशे. त्यातच खेळाडू, वादक, वेगवेगळ्या राज्यांतली आणि देशांतली मुलं बसवायची. ॲमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर इथं शंभर अर्जांमागे दहाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मुलांना प्रवेश मिळतो. बारावीला ९७ टक्के असले तरी ही कॉलेजं कुणासाठीच खात्रीची नसतात.

मार्कांइतकीच पैशाची खात्री

खरी गोम पुढे आहे. नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट खर्च आता वर्षाला ८० ते ९० हजार डॉलर आहे, म्हणजे सत्तर लाख रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. आपल्यापैकी बहुतेकांना मदत मागावीच लागणार. आणि परदेशी विद्यार्थ्यानं मदत मागितली की बहुतेक कॉलेजं प्रवेश ठरवतानाच ती गोष्ट विचारात घेतात. परदेशी मुलांच्या बाबतीतही पैशाकडे न बघता निर्णय घेणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. छोट्या कॉलेजांत ॲमहर्स्ट आणि बोडॉइन ही त्यांतली ठळक नावं. पण तिथं प्रवेशच इतका अवघड, की खात्रीचा प्रश्नच येत नाही.

म्हणून ‘या कॉलेजात ४० टक्के मुलांना प्रवेश मिळतो’ हा आकडा आपल्यासाठी जवळजवळ निरर्थक आहे. तो सगळ्यांचा मिळून असतो. इंदूरहून अर्ज करणाऱ्या आणि वर्षाला ४०-५० हजार डॉलरची मदत मागणाऱ्या मुलीचा आकडा त्याहून बराच खाली असतो.

तो अजमावायची एक सोय आहे. बहुतेक कॉलेजं दर वर्षी कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता आपल्या संकेतस्थळावर टाकतात. त्यातला ‘एच ६’ हा भाग बघायचा. किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, ते तिथं असतं. हा आकडा चारही वर्षांच्या विद्यार्थ्यांचा मिळून असतो, म्हणून त्याला चारनं भागायचं. समजा तिथं ८० विद्यार्थी आहेत, तर दर वर्षी साधारण २० नव्या मुलांना मदत मिळते. आणि ती वीस मुलं साऱ्या जगातून निवडलेली. आता ठरवा, हे कॉलेज खात्रीचं की नशिबाचं.

दुसरी वाट गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्तीची. विल्यम्स, ॲमहर्स्ट अशी शिष्यवृत्ती देत नाहीत, गरज बघूनच मदत करतात. पण ओहायोतलं वूस्टर, विस्कॉन्सिनमधलं लॉरेन्स, इलिनॉयमधलं नॉक्स अशी कॉलेजं चांगल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही गुणांवर शिष्यवृत्ती देतात. शिष्यवृत्ती वजा जाऊन उरणारा आकडा घराला झेपत असेल, तर ही यादीत हवीतच. झेपत नसेल तर प्रवेश मिळूनही उपयोग नाही. पत्र येतं, फ्रेम करून लावता येतं, जाता मात्र येत नाही.

आमच्या घरातला वाद

भाचीची यादी करायला आम्ही बसलो, तेव्हा पहिला आक्षेप ताईचा होता. “अरे, एवढे मार्क्स असताना असल्या कॉलेजात अर्ज कशाला? नाव तरी ऐकलंय का कुणी?”

भावजी शांतपणे म्हणाले, “मी वर्षाला बारा लाखांपर्यंत जाऊ शकतो. कर्ज काढून पंधरा. त्याच्या पुढे घर गहाण पडेल. हे आधी लिहून ठेव.”

मी ते यादीच्या डोक्यावर लिहिलं. इतके दिवस हा आकडा कुणी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता. मुलीला वाईट वाटेल म्हणून आई-वडील गप्प, आणि आई-वडिलांना ताण नको म्हणून मुलगी गप्प. माझ्या मते यादीचं काम इथूनच सुरू व्हायला हवं.

मग भाची म्हणाली, “मामा, तुम्ही सगळे मिळेल का आणि परवडेल का एवढंच बघताय. तिथं मला चार वर्षं काढायची आहेत. मला आवडेल का, हे कोण बघणार?”

तिचं बरोबर होतं. मिळेल, परवडेल, आवडेल, या तिन्हींना ‘हो’ आलं तरच ते खात्रीचं कॉलेज. मनाविरुद्ध यादीच्या तळाशी टाकलेलं नाव वेळ आली की कुणालाच नको असतं.

आवड दाखवावी लागते

छोट्या कॉलेजांची एक खोड लक्षात ठेवा. चारशे जागांमध्ये वीस जणांनी ऐन वेळी पाठ फिरवली तरी त्यांचं गणित चुकतं. त्यामुळे ‘ही मुलगी इथं येणारच नाही, आम्हाला राखीव ठेवून अर्ज केलाय’ असा वास आला तर काही कॉलेजं हुशार मुलांनाही नकार देतात किंवा प्रतीक्षायादीत टाकतात. अर्जदाराच्या आवडीला कॉलेज किती महत्त्व देतं, हे त्याच तक्त्याच्या ‘सी ७’ भागात दिलेलं असतं. म्हणून खात्रीच्या कॉलेजाचा निबंधही स्वप्नातल्या कॉलेजाइतकाच मन लावून लिहायचा. त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्राला बसायचं, मुलाखतीची सोय असेल तर ती द्यायची. आपल्याकडे कटऑफला आवड-निवड कळत नाही, तिथं ती बघितली जाते.

कॉलेज स्वतः किती सुरक्षित?

हा मुद्दा आपल्याकडे कुणाच्या मनातही येत नाही. तुकोगंजाजवळचं होळकर कॉलेज १८९१ पासून उभं आहे, ते उद्या बंद पडेल असं आपल्याला वाटत नाही. अमेरिकेत मात्र विद्यार्थी कमी झाल्यानं छोटी खासगी कॉलेजं खरोखर बंद पडत आहेत. व्हरमाँटमधलं ग्रीन माउंटन २०१९ मध्ये मिटलं. न्यूयॉर्क राज्यातलं १८६८ चं वेल्स कॉलेज २०२४ च्या एप्रिलअखेरीस बंद होण्याची घोषणा करून त्याच सत्राअखेर मिटलं. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्नही गेलं, तेही १८५६ चं.

ज्या कॉलेजात प्रवेश फार सोपा, तिथं विद्यार्थ्यांची चणचण असण्याची शक्यता जास्त. परदेशी मुलीच्या बाबतीत कॉलेज बंद पडणं म्हणजे नवं कॉलेज, नवी मदत आणि व्हिसाची कागदपत्रं, सगळं एकदम. तेव्हा गेल्या पाच-सहा वर्षांत विद्यार्थिसंख्या घटते आहे का, मान्यता देणाऱ्या संस्थेनं काही ताकीद दिली आहे का, विभाग बंद होत आहेत का, हे बघूनच नाव यादीत घ्यावं.

शेवटची पायरी भारतातच

एवढं सगळं जमूनही व्हिसाची मुलाखत उरतेच, आणि ती कुणाच्याच हातात नसते. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की मदत मागणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यासाठी अमेरिकेतलं एकही कॉलेज पूर्ण खात्रीचं नाही. यादीत एक-दोन नावं भारतातली हवीतच.

आता तशी सोय आपल्याकडे आहे. सोनीपतचं अशोका विद्यापीठ २०१४ मध्ये सुरू झालं, पुण्याचं फ्लेम २०१५ मध्ये विद्यापीठ झालं, आंध्रात श्रीसिटीला क्रिया २०१८ पासून आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठानं २०२३ मध्ये भोपाळला दुसरा कॅम्पस उघडला, म्हणजे आपल्यापासून चार तासांवर. अशोका आणि अझीम प्रेमजी इथं घरची परिस्थिती बघून फीमध्ये सवलत मिळते. अर्थात यांचीही निवडप्रक्रिया आहे, त्यामुळे त्यांनाही गृहीत धरू नये. त्याखाली आपल्या विद्यापीठाचे विभाग, होळकर, ख्रिश्चन कॉलेज किंवा पुण्याचं फर्ग्युसन, यांपैकी एक दार उघडं ठेवावं.

तारखा मात्र सांभाळा. अमेरिकेतले नियमित निकाल मार्चअखेर लागतात, आणि होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. सीयूईटीचा फॉर्म भरायची मुदत तोवर संपलेली असू शकते. ‘तिकडचा निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांच्या हातून इकडचं वर्ष जातं.

भाचीनं एकूण नऊ अर्ज केले. चार नकार, दोन प्रतीक्षायाद्या. एका कॉलेजानं घेतलं, पण मदत इतकी कमी दिली की भावजींच्या आकड्याच्या दुप्पट खर्च आला. दुसऱ्यानं शिष्यवृत्तीसकट घेतलं, तरी कर्ज काढावं लागणारच होतं. भारतातल्या कॉलेजाचा होकार आधीच आलेला होता. दोन दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही. मग तिनंच दोन्हीकडचे अभ्यासक्रम समोरासमोर मांडले आणि भारतातलं निवडलं. “कर्ज पुढच्या डिग्रीसाठी ठेवू या,” म्हणाली. ताईला अजून अधूनमधून हुरहूर लागते. भाचीला लागत नाही, कारण ते नाव यादीत तिनं स्वतः, आवडलं म्हणून लिहिलं होतं.

यंदा ज्यांच्या घरी अशी यादी होणार आहे, त्यांनी ती खालून वर लिहावी. आधी खात्रीची दोन नावं, नीट चौकशी करून. मग बरोबरीची तीन-चार. स्वप्नातली नावं सर्वांत शेवटी. ती सुचायला वेळ लागत नाही.