घोट्याची जखम आणि पट्टीचा दाब
घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, महिनोन्‌महिने ओली राहणारी जखम. मलमं बदलून होतात, अँटिबायोटिकचे कोर्स होतात, जखम तिथेच. कारण मूळ दुखणं कातडीचं नाही, नीलांचं आहे. उभं असताना घोट्याजवळच्या नीलांत पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर इतका दाब असतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, झडपा ते खाली परतू देत नाहीत, आणि दाब उतरतो. झडपा निकामी झाल्या की तो उतरत नाही. पाय सुजतो, कातडी काळवंडते, साध्या ओरखड्याचाही व्रण होतो.

उपाय म्हणजे बाहेरून दाब: घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर, गुडघ्याकडे कमी कमी. गंमत अशी, की हा उतार मुद्दाम साधावा लागत नाही. लाप्लासच्या नियमानुसार एकाच ताणाने गुंडाळलेली पट्टी बारीक घोट्यावर जास्त दाबते, जाड पोटरीवर कमी. म्हणून जाणकार नर्स ताण सारखा ठेवते; खरं कौशल्य तेच. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल उना यांच्या नावाची, झिंक ऑक्साइडचा लेप दिलेली पट्टी एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे.

मात्र घरी क्रेप बँडेज आवळण्याचा उद्योग नको. धमन्याच अरुंद असतील तर हाच दाब पायावर बेततो. आधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढतात, ते ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी सहसा बांधत नाहीत. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा, मोठा येऊ शकतो. जखम भरल्यावरही दाबाचे मोजे वापरावे लागतात, नाहीतर ती पुन्हा उघडण्याची शक्यता वाढते.