न्याय, करुणा आणि मानवी इच्छा : जनाबाई व ‘ख्रिस्तपुराण’

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. त्यांच्या अभंगांतील विठ्ठल दासीसोबत जात्यावर दळू लागतो. तेथे कृपा म्हणजे सोबत; निवाड्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ‘ख्रिस्तपुराणा’त मात्र तो प्रश्न केंद्रस्थानी येतो. जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे ओवीबद्ध पुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापले गेले.

स्टीफन्स ‘वैकुंठ’, ‘मुक्ती’ हे रूढ शब्द स्वीकारतात, परंतु त्यांतील आशय पालटतो. आदामाने आज्ञाभंग स्वेच्छेने केला, म्हणून दोष त्याचाच ठरतो. ईश्वर न्यायी असल्याने दंड टळत नाही आणि दयाळू असल्याने मनुष्याचा त्यागही होत नाही. क्रूसावर ईश्वरपुत्र स्वतःच तो दंड भरतो. अशा रीतीने न्याय व करुणा यांचा मेळ बसतो.

मग मनुष्याकडे काय उरते? ट्रेंट धर्मपरिषदेने १५४७ मध्ये दिलेले उत्तर असे : कृपेचा पुढाकार ईश्वराचा, होकार वा नकार मात्र मनुष्याचा. नकार अशक्य असेल, तर करुणा ही सक्तीच ठरेल.

गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. ‘ख्रिस्तपुराणा’तील मुक्तिविचार आणि भोवतालची सत्ता यांतील विसंगती येथे उघड होते. तरीही ओवीतून केलेले निवेदन श्रोत्याच्या संमतीची अपेक्षा धरते. जात्यावरची सोबत आणि क्रूसावरचा दंड यांत अंतर मोठे आहे; पण दोन्हीकडे ईश्वर मनुष्याचा भार स्वतः उचलतो.