पालापाचोळ्याचे खत



जव्हारच्या पाड्यांवर घरामागचा पाला जळतो आणि मजुरीचे पैसे खताच्या गोणीत जातात, हे मी नेहमी पाहतो. हा पैसा मुलांच्या ताटाकडे वळू शकतो.

सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी 3 फूट लांब-रुंद ढीग रचावा. तीन टोपल्या सुका पाला, एक टोपली भाजीच्या साली-देठे, वर शेणकाला. मूठ दाबल्यावर ओल लागावी, पाणी गळू नये. मासळीचे उष्टे टाकू नये, उंदीर येतात. दर 15 दिवसांनी ढीग खालीवर करावा. हवा लागली की दुर्गंधी येत नाही. पावसात वर झावळ्या घालाव्यात. साधारण 3-4 महिन्यांत काळे, भुसभुशीत खत मिळते.

आपणही चर्चच्या आवारातला पाला जाळू नये, त्याचा ढीग लावावा.