‘पिकू’चे वडील : लोभस की स्वार्थी?

शूजित सरकार दिग्दर्शित ‘पिकू’ (२०१५) पाहिलेल्या प्रेक्षकांत दोन तट पडतात. बद्धकोष्ठाने त्रस्त झालेले सत्तरीचे भास्कोर बॅनर्जी (अमिताभ बच्चन) काहींना लोभस वाटतात. मुलीचे लग्न लांबवणारा हा बाप काहींना निव्वळ स्वार्थी वाटतो. दोन्ही मतांना पटकथेतच आधार आहे. उद्देशाशिवाय लग्न करणे हे कमी बुद्धीचे लक्षण, हा त्यांचा विचार पुरोगामी खरा. पण लेकीने आपल्यालाच सांभाळावे, ही अपेक्षाही त्यातच दडलेली. लेखिका जुही चतुर्वेदी यांनी या विसंगतीवर पांघरूण घातलेले नाही. जेवताना चालणारी शौचाची चर्चा काहींना किळसवाणी वाटते. घरातल्या वृद्धाची शुश्रूषा केलेल्यांना मात्र ती, आणि दीपिका पदुकोणची सततची चिडचिडही, ओळखीची वाटावी.