आकडे तेच, रचना निराळी!

बुद्धिबळातील हत्ती फक्त उभा किंवा आडवा चालतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. कागदावर ४ ओळी व ४ स्तंभ यांचा १६ घरांचा पट आखा. एखाद्या घरातून हत्ती एका चालीत जिथे पोहोचतो, त्या घरांना आपण त्याचे ‘शेजारी’ म्हणू. ओळीतील ३ व स्तंभातील ३ मिळून ६ शेजारी झाले. उरलेली ९ घरे ‘परकी’.

आता कोणतीही दोन शेजारी घरे घ्या व दोघांचेही शेजारी असलेली घरे मोजा. उत्तर २. दोन परकी घरे घेतली तरी उत्तर २ च! म्हणजे जोडी कोणत्या प्रकारची एवढे कळले, की मोजणीचे उत्तर ठरलेले. असा नियम पाळणाऱ्या रचना ‘सुसंगत रचना’ या कुळात मोडतात. या कुळाचा सिद्धांत अमेरिकन गणिती डोनाल्ड हिगमन यांनी १९७० च्या दशकात मांडला.

मग केवळ हे आकडे सांगितले, तर रचना ओळखता येईल काय? नागपूर, बनारस व मुंबई येथे अध्यापन केलेले गणिती शरदचंद्र श्रीखंडे (१९१७–२०२०) यांनी १९५९ साली याचे उत्तर दिले. चौरस पट कितीही घरांचा असो, आकड्यांवरून हत्तीची रचना निश्चित ओळखता येते. अपवाद एकच, आणि तो नेमका ४ × ४ चा!

तो अपवाद तुम्हीच बनवा. त्याच पटावर शेजारी नव्याने ठरवा : डावे, उजवे, वरचे, खालचे, तसेच तिरकस उजवीकडे-वरचे आणि डावीकडे-खालचे. उजव्या कडेबाहेर गेलात, तर त्याच ओळीत डावीकडून आत या; वरून बाहेर गेलात, तर खालून. उलट दिशेनेही तसेच. आता मोजा. शेजारी पुन्हा ६, सामाईक शेजारी पुन्हा २ आणि २!

तरीही या दोन रचना एक नव्हेत. कोणत्याही घराचे ६ शेजारी घ्या आणि त्यांच्यापैकी जे एकमेकांचे शेजारी असतील ते रेघांनी जोडा. हत्तीच्या पटात दोन सुटे त्रिकोण मिळतील. नव्या पटात सहा जणांचे एकच कडे.

ही दुसरी रचना आज जगभर ‘श्रीखंडे ग्राफ’ म्हणून ओळखली जाते. दोन जाळी एकच आहेत की वेगळी, हे केवळ जोड्या मोजून ठरवणारा संगणकही इथे फसतो. मोजणी बरोबर असूनही ओळख पटत नाही, ती अशी!