पलंगाचें उसें

निजण्याच्या जागेस दोन टोंकें असतात. उसें आणि पायथें. संस्कृतांतील ‘उच्छीर्षक’ या शब्दाशीं आमच्या उशीचें आणि उशाचें नातें आहे, हें जाणत्या वाचकांस सांगावयास नकोच. महाभारताच्या उद्योगपर्वांत निद्रिस्त श्रीकृष्णाच्या उशाशीं दुर्योधन बसला आणि पायांशीं अर्जुन उभा राहिला. तेव्हांपासून उशाची जागा मानाची, किंबहुना अभिमानाची, असा एक ग्रह होऊन बसला आहे. परंतु ‘उशाशीं बसणें’ याचा दुसराही एक अर्थ घरोघर ठाऊक आहे. दुखणाइताच्या उशाशीं जो रात्र काढतो, त्याच्या ठिकाणीं अभिमान कोठला? या दुसऱ्या अर्थाचें उसें लांकडांतून कसें घडवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या वडील भगिनी, ज्यांस सर्व घर अक्का म्हणतें, गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहावयास आल्या आहेत. वय 78. आडवें होतांच त्यांस दम लागूं लागला. डॉक्टरांनीं तपासून औषधें दिलीं आणि रात्रीं पाठ उंच ठेवून निजावें असें सांगितलें. येथें वाचकांस एक विनंती करून ठेवतों. आडवें झाल्यावर श्वास कोंडणें हें हृदयाच्या अथवा फुप्फुसांच्या विकाराचें लक्षण असूं शकतें. तेव्हां आधीं वैद्य आणि मग सुतार, हा क्रम कोणीं मोडूं नये. उशांची चळत रचून पाहिली. परंतु मध्यरात्रीं ती घसरे, मान पुढें वांके, आणि अक्का बसूनच उजाडण्याची वाट पाहत. त्यांच्या साध्या लांकडी पलंगास उशाकडे आधारच नव्हता. बाजारांत पलंग पुष्कळ पाहिले. त्यांचीं उसें शोभिवंत, पण सरळ उभीं. टेकून निजावयास कलती फळी हवी होती, ती घरींच करावी असें आम्हीं ठरविलें.

आतां लांकूड कोणतें? वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत शय्या व आसनें यांविषयीं एक स्वतंत्र अध्याय आहे. असन, चंदन, देवदार, शाल, शिंशपा यांच्या जोडीला ‘शाक’ म्हणजे आपला साग त्यांत शुभ म्हणून गणला आहे. वीज पडून किंवा वाऱ्यानें उन्मळलेलें, मधमाशांचें पोळें असलेलें, शेंडा वाळलेलें झाड घेऊं नये, असेंही तेथें सांगितलें आहे. यांतील शुभाशुभ बाजूला ठेवलें, तरी उन्मळतांना चिरलेलें अथवा आंतून पोखरलेलें लांकूड टाळावें, हा व्यवहार त्यांत आहेच. सागाच्या गाभ्यांत नैसर्गिक तेल असतें. त्यामुळें वाळवी व ओल यांस तो पुष्कळ दाद देत नाहीं. सालीलगतचा फिकट भाग मात्र तितका टिकाऊ नसतो. विकत घेतांना तो पाहून घ्यावा.

आमच्या घरीं असा साग होता. पण तो झोपाळ्याचा होता. वाडा पाडून इमारत झाली, नव्या घरांत झोपाळ्यास जागा राहिली नाहीं, आणि ती एकसंध फळी गोणपाटांत गुंडाळून गॅलरींत उभी होती. लांबी साडेपांच फूट, रुंदी 2 फूट, जाडी दीड इंच. पलंग 3 फूट रुंद; म्हणजे फळी कापणें आलें. घरांत कोणी तो विषय काढीना. शेवटीं आम्हींच अक्कांस विचारलें. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “आईनं त्यावर आपल्याला पांचही जणांना निजवलं. आतां मला एकटीला निजवूं दे. उरलेल्या तुकड्याचा देवापुढें पाट कर. जाळूं मात्र नको.”

करवत लावण्यापूर्वीं आम्हीं फळीवरून लोहचुंबक फिरविला. जुन्या लांकडांत मोडके खिळे दडलेले असतात, आणि त्यांनीं करवतीचे दांतच नव्हे तर डोळाही जाण्याचा धोका असतो. चुंबक अडला तेथले दोन खिळे आधीं काढले. नंतर माप घेतलें, तें पलंगाचें नव्हे, अक्कांचें. त्यांस गादीवर बसवून बैठकीपासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत अंतर मोजलें, आणि फळीची वरची कड त्याहून चार बोटें वर येईल असें धरलें. कल ठरविला तो उंचीच्या दर फुटास अडीच इंच, म्हणजे सुमारें 12 अंश. बाकीचा उतार उशांनीं साधावा.

सांगाड्यास दोन उभे खांब थेट जमिनीपर्यंत घेतले. मनुष्य टेकला कीं सर्व जोर वरच्या कडेवर येतो. म्हणून प्रत्येक खांब पलंगाच्या चौकटीस दोन बोल्टांनीं, एक वर व एक खालीं, आवळला. एकच बोल्ट लावल्यास खांब त्याच्याभोंवतीं फिरूं लागतो. आडव्या पट्ट्यांचीं टोंकें खांबांत खाचा पाडून बसविलीं आणि सरसानें पक्कीं केलीं. फळी मात्र सरसानें चिकटविली नाहीं. लांकूड पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आंवळतें, तें तंतूंच्या आडव्या दिशेनें. 2 फूट रुंदीची फळी पाव इंचापर्यंतही हलूं शकते. तिला सर्व बाजूंनीं जखडल्यास ती तडकते. यास्तव मागच्या बाजूनें स्क्रू घातले, आणि पट्ट्यांतील त्यांचीं भोंकें उभीं लांबट ठेवलीं. भिंत बाहेरची व ओल धरणारी. म्हणून मध्यें दोन बोटें अंतर राखलें. झोपाळ्याच्या कड्यांचीं दोन भोंकें कापलेल्या भागांत आलीं होतीं. तीं बुजविलीं नाहींत. एकींत अक्कांनीं हाक मारण्याची घंटा अडकविली आहे.

शेवटीं जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. या तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकूं नये. तो आपोआप तापून पेट घेऊं शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या आणि मगच टाकाव्या. तेल पुरें सुकून वास जाईपर्यंत पलंग खोलीबाहेर ठेवणें दम लागणाऱ्या माणसासाठीं तर अवश्यच.

अक्कांचा विकार या फळीनें गेला असें कोणी समजूं नये. औषधें चालूच आहेत. परंतु ज्या रात्री पूर्वीं बसून सरत, त्यांत आतां चार-चार तास सलग झोंप लागते. घरांतील वृद्धांसाठीं आपण औषधें आणतों, फळें आणतों. त्यांच्या निजण्याच्या जागेचें मापही एकदां घेऊन पाहावें. उशाशीं रात्रभर जागावयास प्रत्येक घरीं माणूस असतेंच असें नाहीं. चांगली टेकलेली फळी त्यांतला थोडा भार उचलते.